तुमचा निकाल लावणारा कोड कोणी वाचला?

परीक्षेत शून्य मिळणं वेगळं आणि परीक्षेला गैरहजर असणं वेगळं. हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. कॉम्प्युटरला मात्र ते कोणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणाऱ्याने बरोबर सांगितलंय की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी बघावं लागतं. आजची पोस्ट या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. लांबलचक आहे, पण विषय आपल्या खिशाचा आणि मुलांच्या मार्कशीटचा आहे, तेव्हा वाचाच.

मी मुलुंडचा. वीसेक वर्षं डेटाबेसचं काम करतो, ऑफिस अंधेरीला. गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपली की एक फुकटचं काम चालू आहे. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये एक नवी भाषा बसवायला कोणीतरी पॅच लिहिलाय, तो तपासायचा. लिहिणारा कोण, भाषा कुठली, हे इथे महत्त्वाचं नाही. तपासतात कसं ते सांगतो, कारण माझा मुद्दा तिथूनच निघतो.

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे वही असते बघा. कोणाचा फ्लॅट कुठला, मेंटेनन्स किती भरला, बाकी किती. डेटाबेस म्हणजे तशीच वही, फक्त कोट्यवधी ओळींची. गंमत अशी की या वहीच्या आतच नियमही लिहून ठेवता येतात. ‘तीन महिने थकले की व्याज लाव.’ नोंद आली की वही स्वतःच हिशेब करते, माणसाला विचारत नाही. हे नियम ज्या भाषेत लिहायचे तिला प्रोसिजरल लँग्वेज म्हणतात. पोस्टग्रेसबरोबर अशा चार मिळतात. एक त्याची स्वतःची पीएल/पीजीएसक्यूएल, आणि बाकीच्या तीन टीसीएल, पर्ल आणि पायथन यांच्यावर बेतलेल्या. पाचवी हवी असेल तर कोणीही लिहू शकतो. पॅच म्हणजे शब्दशः ठिगळ : कुठल्या ओळी वाढवल्या आणि कुठल्या काढल्या याची यादी. वाढवलेल्या ओळीपुढे अधिकचं चिन्ह, काढलेल्या ओळीपुढे वजाचं.

स्क्रीनवरचं एखादं बटण बदलणारा पॅच आणि नवी भाषा आणणारा पॅच यांत फरक काय? खिडकीला ग्रिल बसवणं आणि तळमजल्याच्या खांबाला हात लावणं यांत जो आहे तो. घाटकोपरकरांना हे जास्त सांगायला नको. २५ जुलै २०१७ ला दामोदर पार्कची सिद्धिसाई इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. काम एका मजल्यावरचं, इमारत मात्र सगळ्यांची. डेटाबेसच्या आत बसणारी भाषा त्या खांबासारखी असते. उद्या तिच्यात हजारो नियम लिहिले जाणार, आणि ती एका ठिकाणी चुकली तर ते सगळे नियम एकदम चुकणार, तेही लिहिणाऱ्यांचा काही दोष नसताना.

आता तपासणी. पहिली पायरी कंटाळवाणी आहे. पॅच आजच्या कोडवर बसतो का, बसल्यावर सगळं बिल्ड होतं का, जुन्या चाचण्या पास होतात का, लेखकाने स्वतःच्या नव्या चाचण्या दिल्यात का, माहितीपत्रक लिहिलंय का. यातलं काही नसेल तर पुढे वाचायचंच नाही, सरळ परत पाठवायचं.

मग खरं काम सुरू होतं. डेटाबेसमध्ये ‘माहिती नाही’ असं सांगणारी एक खास कोरी जागा असते, तिला नल म्हणतात. शून्य म्हणजे आकडा आहे आणि तो शून्य आहे. नल म्हणजे आकडाच नाही. मी मार्कांचा एक छोटा तक्ता केला, चार पोरं, एक गैरहजर. नव्या भाषेत सरासरी काढली तर गैरहजर पोराचं शून्य धरलेलं! लेखकाच्या चाचण्यांमध्ये सगळीच पोरं हजर होती, त्यामुळे त्याला हे दिसलंच नव्हतं.

दुसरी चाचणी नावांची. मी मुद्दाम ‘क्षीरसागर’ टाकतो. आपल्याला यात पाच अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर यातला क, हलन्त, ष, वेलांटी, काना असं सगळं सुटं मोजतो, म्हणजे नऊ चिन्हं. आणि युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे झाले सत्तावीस. वीस बाइटांवर नाव कापणारा कोड इंग्रजी नावांवर बिनबोभाट चालतो आणि क्षीरसागरांच्या ‘सा’च्या मधोमध कात्री लावतो. इंग्रजीत विचार करणाऱ्याला हे सुचत नाही, आपल्याला सुचतं. म्हणून असल्या कामात मराठी माणसं हवीत. भाषाप्रेम ठेवा बाजूला, पण ही चूक आपल्यालाच आधी दिसते.

तिसरी पैशांची. चार रुपये पस्तीस पैशांना शंभरने गुणलं की ४३५ पैसे. पण कॉम्प्युटरच्या एका प्रकारच्या दशांश हिशेबात उत्तर येतं ४३४.९९९९ आणि पुढे काहीतरी. त्यानंतर कोणी पूर्णांक करताना अपूर्णांक उडवला की एक पैसा गायब. डेटाबेसकडे पैशांसाठी काटेकोर आकड्यांचा वेगळा प्रकार असतो. नवी भाषा तो आतून तसाच नेते की मध्येच सैल करते, हे बघावं लागतं.

चौथी भरवशाची. पोस्टग्रेसमध्ये भाषांचे दोन वर्ग आहेत. भरवशाच्या भाषेतला नियम वहीबाहेर हात घालू शकत नाही, त्यामुळे परवानगी असलेला साधा माणूसही तो लिहू शकतो. बिनभरवशाच्या भाषेत सर्व्हरवरच्या फाइलीसुद्धा उघडता येतात, म्हणून ती फक्त मुख्य ॲडमिनच्या हातात. पायथनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला ती भरवशाच्या वर्गात होती. २००३ मध्ये पायथनवाल्यांनीच ‘आमचं कुंपण पक्कं नाही’ म्हणून ती सोय बंद केली. त्याच वर्षी पोस्टग्रेसने पायथनला बिनभरवशाच्या वर्गात टाकलं, आणि ती आजही तिथेच आहे. एवढी लोकप्रिय भाषा, पण ‘लोकांची गैरसोय होईल’ म्हणून कोणी डोळेझाक केली नाही.

पाचवी, थांबवण्याची. न संपणारं एक चक्र लिहायचं आणि मध्येच थांबवून बघायचं. थांबत नसेल तर एका माणसाचा चुकलेला नियम अख्खा सर्व्हर धरून बसणार. हाही दोष या पॅचमध्ये निघाला.

मी हे सगळं लिहून पाठवलं. लेखकाने आभार मानले, दोन ठिकाणी माझ्याशी वाद घातला (त्यातल्या एका ठिकाणी त्याचा मुद्दा मला पटला आणि मी हरकत मागे घेतली), आणि नवी आवृत्ती दिली. आज सातवी आवृत्ती चालू आहे. कोणाचा अपमान झाला नाही, कोणी ‘तू कोण मला विचारणारा’ म्हटलं नाही. पोस्टग्रेसमध्ये रीतच अशी आहे की वर्षातून ठरावीक महिने फक्त तपासणीला द्यायचे, त्याला कमिटफेस्ट म्हणतात. आणि ज्याने स्वतःचा पॅच दिला त्याने दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासायचा. शेवटी कोड आत गेला की लिहिणाऱ्याबरोबर तपासणाऱ्याचंही नाव नोंदलं जातं, कायमचं. दहा वर्षांनी काही बिघडलं तरी कोणी काय बघितलं होतं हे शोधता येतं.

आता आपल्याकडे येऊ.

२०१७ चाच उन्हाळा. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचं ठरवलं. ४७७ परीक्षा, सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, सगळ्या एका फटक्यात. कायद्याप्रमाणे निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी कुलपती म्हणून ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही चुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. कोणाची उत्तरपत्रिका सापडेना, कोणाची दुसऱ्याच्या नावावर. बाहेरगावी किंवा परदेशी प्रवेश मिळालेली पोरं मार्कशीटविना अडकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. इतक्या वर्षांत तिथे असं पहिल्यांदाच घडलं.

कुलगुरू गेले, बातम्या थांबल्या. पण माझा प्रश्न तिथेच राहतो. ती पद्धत सुरू करायच्या आधी गैरहजर पोरगं, हरवलेलं पान, पुरवणी वेगळी झालेली उत्तरपत्रिका, सारखीच दोन नावं, अशा चाचण्या कोणी लिहिल्या होत्या? कोणी चालवून बघितल्या? त्या माणसाचं नाव काय? पॅच कोणी तपासला हे पोस्टग्रेसमध्ये मला दोन मिनिटांत सापडतं. लाखो पोरांचं वर्ष ज्यावर टांगलेलं होतं त्या यंत्रणेबद्दल साध्या नागरिकाला हे कुठे बघायला मिळतं?

दुसरं उदाहरण ताजं आहे. राजकारण बाजूला ठेवून वाचा. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२५ मध्ये खात्याच्या मंत्र्यांनीच सांगितलं की छाननीत सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र दिसत आहेत आणि त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. कारणं काय सांगितली? एकच व्यक्ती एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेते, एका घरात दोनपेक्षा जास्त लाभार्थी आहेत, काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केलेत. बघा, हे सगळे वहीच्या आत लिहायचे नियम आहेत. इतर खात्यांची माहिती सुरुवातीला हाती नव्हती हे कारण खरं असेलही. पण मला जास्त काळजी उलट बाजूची वाटते. उद्या नियम चुकीचा लिहिला गेला आणि पात्र असलेल्या बाईचे दीड हजार बंद झाले, तर तिने कोणाला विचारायचं? खिडकीवरचा माणूस म्हणणार, ‘सिस्टिममध्ये असंच दाखवतंय.’ या वाक्यापुढे आपल्याकडे अपील नाही.

हे वाक्य किती महाग पडतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा आणली. यंत्रणा म्हणायची गल्ल्यात पैसे कमी आहेत, पोस्टमास्तर म्हणायचे आम्ही घेतले नाहीत. कोर्टांनी यंत्रणेवर विश्वास ठेवला. नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली, कित्येक तुरुंगात गेली, घरंदारं गेली, काहींनी जीव दिला. यंत्रणेतच दोष होते हे कोर्टाने मान्य करायला २०१९ उजाडलं, आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४. पंचवीस वर्षं, मित्रांनो.

आता नेहमीचे आक्षेप घेतो, कॉमेंटमध्ये येण्याआधीच.

‘कोड दाखवला तर हॅकर घुसतील.’ पोस्टग्रेसचा कोड पहिल्यापासून जगासमोर उघडा आहे आणि जगभरातल्या बँका आणि सरकारं तो वापरतात. कुलूप कसं बनतं हे सगळ्यांना माहीत असतं, किल्ली तुमच्याकडे असते. पासवर्ड आणि लोकांची माहिती उघडी करा असं कोणीच म्हणत नाहीये.

‘उघडा केला म्हणजे झालं का?’ नाही झालं, आणि हा आक्षेप मला मान्य आहे. ओपनएसएसएलचा कोड उघडाच होता, तरी हार्टब्लीड नावाचं भोक त्यात दोन वर्षं कोणाला दिसलं नाही, २०१४ मध्ये उघडकीला आलं. दार उघडं ठेवल्याने कोणी आत येऊन केर काढत नाही, त्यासाठी माणूस नेमावा लागतो. म्हणून माझी मागणी नुसत्या उघड्या कोडची नाही, तपासणीची आहे.

‘कोड कंत्राटदाराच्या मालकीचा आहे.’ पैसे आपले, नियम सरकारचा, फटका आपल्याला, आणि मालकी त्याची? निविदेत जे लिहाल ते मिळेल. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं आणि सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करण्याचं धोरण काढलंय. २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केलाही. म्हणजे मनात आलं तर होतं.

‘वेळ कुठे आहे?’ २०१७ मध्ये वेळ वाचवायलाच घाई केली होती. किती वाचला ते वर आलंच आहे.

खरं तर आपल्या उपनगरांत ही कल्पना नवी नाहीच. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक सोसायटीला ही नोटीस माहीत आहे. ऑडिट करणारा इंजिनिअर बिल्डरचा मेहुणा चालत नाही. त्याची सही लागते, शिक्का लागतो, अहवाल महापालिकेत जातो. सोसायटीच्या हिशेबाचंही तसंच, खजिनदार स्वतःच स्वतःचं ऑडिट करत नाही. पन्नास फ्लॅटच्या सोसायटीला जे लागू, ते लाखो लोकांचे निकाल आणि पैसे ठरवणाऱ्या यंत्रणेला का नाही?

मागणी चार ओळींची आहे.

एक, पात्रता, गुण किंवा रक्कम ठरवणारे नियम ज्या कोडमध्ये लिहिलेत, निदान तेवढा कोड प्रसिद्ध करा.

दोन, तो कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या आणि त्याचं नाव अहवालावर छापा. मुंबईतच आयआयटी आहे, व्हीजेटीआय आहे. माणसांचा तुटवडा नाही.

तीन, चाचण्यांची यादी लोकांसमोर ठेवा. कोड सगळ्यांना कळणार नाही, पण ‘गैरहजर विद्यार्थी आला तर काय होतं’ ही ओळ प्रत्येक पालकाला कळते. ‘यात हे राहिलंय’ असं एखादी शिक्षिका घरबसल्या सांगू शकेल, आणि बहुतेक तीच बरोबर असेल.

चार, आधी एका लहान परीक्षेवर किंवा एका तालुक्यात चालवा, मग सगळीकडे.

आपण काय करू शकतो? माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं : अमुक यंत्रणा सुरू करण्यापूर्वी झालेल्या चाचण्यांचा अहवाल द्या, तपासणाऱ्याचं नाव द्या. ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून कलम ८(१)(ड) दाखवतील. त्याच कलमात व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असंही लिहिलंय, ते अपिलात दाखवायचं. दुसरं, मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात. आपल्यापैकी कित्येक जण त्या मतदार यादीत आहेत आणि निवडणूक झाली की विसरतात. ज्याला मत दिलं त्याला एक मेसेज करा. पुढच्या सिनेट बैठकीत एवढंच विचारा म्हणावं : निकालाच्या सध्याच्या यंत्रणेची तपासणी कोणी केली, कधी केली, आणि अहवाल कुठे आहे?

माहिती अर्जाचा मसुदा मी साध्या मराठीत लिहून ठेवलाय. कॉमेंटमध्ये ‘मसुदा’ लिहा, पाठवतो. आणि डेटाबेस किंवा टेस्टिंगमधलं कोणी असेल, पवई, सीप्झ, गोरेगाव, ठाणे कुठलंही, तर तेही सांगा. उद्या खरंच कोणी कोड समोर ठेवला, तर तो वाचायला माणसं लागतील.